नाऊरू : साधनसंपत्ती व वनस्पती

पॅसिफिक महासागरातील, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस असलेले सु. २१ चौ. किमी. क्षेत्रफळाचे एकाकी प्रवाळबेट. किनाऱ्यालगतच्या अरुंद सुपीक पट्ट्यात नारळ व केवड्याच्या प्रजातीतील झाडे आढळतात. मधल्या पठारावरील मूळ वनांत कोकण किनाऱ्यावरही परिचित असलेल्या उंडीचे प्राबल्य होते. या पठारावर १९०० मध्ये उच्च प्रतीच्या फॉस्फेटाचा शोध लागला. खतासाठी झालेल्या उत्खननात वने व मातीही नष्ट होऊन सु. चार-पंचमांश भूमीवर चुनखडकाचे उघडे सुळके उरले. १९६८ मध्ये स्वतंत्र झालेल्या नाऊरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. १९९३ मध्ये तडजोड होऊन ऑस्ट्रेलियाने भरपाई देण्याचे मान्य केले. तथापि मातीचा थर पुन्हा तयार होण्यास दीर्घ काळ लागत असल्याने तेथील वनांची वाढ मंद आहे.