इंजिन चालू, गिअर टाकला, तरी नौका हलेना... दोष गिअरबॉक्सचाच असतो का?

उसाने भरलेला ट्रॅक्टर चढावर थांबलाय. इंजिन गुरगुरतंय, गिअर पडलाय, पण चाक जागचं हलत नाही. गंगापूर तालुक्यातल्या कुणालाही हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. चाकाला दगड लावायचा, मिस्त्रीला फोन करायचा आणि चहा घेत वाट बघायची.

पण हाच बिघाड समुद्रात शिडाच्या नौकेवर, म्हणजे यॉटवर झाला तर? तिथं दगड लावायला जमीन नसते आणि फोन केला तरी मिस्त्री येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, शिडं आहेत तर इंजिन हवंच कशाला? तर वारा पडला की शिडं नुसती लोंबकळतात. बंदरातल्या गर्दीतून वाट काढायची असते. वारा नौकेला खडकाकडे ढकलत असेल, तर वेळेवर इंजिनच वाचवतं. म्हणून गिअरबॉक्सचा बिघाड नेमका नको त्या वेळी, किनाऱ्याजवळ, महागात पडतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईतून 'म्हादेई' या ५६ फुटी नौकेवर एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. एकट्याने असं करणारे ते पहिले भारतीय. ही नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली आणि बांधणीच्या कामात दोंदे स्वतः होते. एकट्या खलाशाला हे माहीत असावंच लागतं, कारण तिथं कप्तानही तोच आणि मिस्त्रीही तोच.

ताकद पंख्यापर्यंत पोहोचते कशी?

डिझेल इंजिन मिनिटाला दोन-तीन हजार फेरे मारतं. पाण्यातला पंखा इतक्या वेगाने फिरवला तर तो नुसता पाणी घुसळत बसेल. म्हणून गिअरबॉक्स हे फेरे साधारण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणतो. ट्रॅक्टरसारखे पाच-सात गिअर इथं नसतात. पुढे, न्यूट्रल आणि मागे, एवढंच. क्लचसाठी वेगळं पायडल नसतं, क्लच गिअरबॉक्सच्या आतच असतो.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये स्प्रिंगांची एक डॅम्पर प्लेट असते, ती झटके पचवते. गिअरबॉक्सच्या मागे कपलिंग, मग शाफ्ट आणि शेवटी पंखा. गिअर बदलायला चालकाच्या लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते.

म्हणजे ताकद अडकू शकते अशा जागा अनेक आहेत आणि गिअरबॉक्स ही त्यातली फक्त एक.

पहिला प्रश्न: कपलिंग फिरतंय का?

नौका दोरांनी घट्ट बांधायची. एकाने गिअर टाकायचा, दुसऱ्याने टॉर्च मारून लांबूनच बघायचं. हात आणि सैल कपडे दूर.

कपलिंग फिरतंय पण नौका हलत नाही? मग दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. पंख्यात जाळं किंवा दोर अडकला असेल, पंखाच गळून पडला असेल, नाहीतर शाफ्टच्या खाचेतली चावी तुटली असेल. कपलिंगमधून शाफ्ट सुटला असेल तर आधी तो पकडून ठेवायचा. मागे सरकत पूर्ण बाहेर गेला तर त्याच्या भोकातून पाणी आत येतं.

कपलिंग फिरतच नाही? तरी पाना हातात घेऊ नका. इंजिन बंद करून केबल बघा. चालकाने लिव्हर पूर्ण ढकलला तर गिअरबॉक्सवरचा छोटा लिव्हरही पूर्ण जातो का? तो अर्ध्यात थांबत असेल तर क्लच अर्धवट पकडतो, घसरतो आणि जळतो. केबल काढून तो लिव्हर हाताने हलवल्यावर गिअर नीट पडला, तर दोष केबलचा. ती बदलली की काम झालं.

मग बघायचं तेल

केबल ठीक असेल तर पट्टी काढून तेल तपासा. पातळी कमी असेल तर क्लच घसरू शकतो. काळं, जळका वास येणारं तेल म्हणजे क्लच घसरतोय. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी शिरलंय: ऑइल सील गेलं असेल किंवा तेल थंड करणारा कूलर आतून गंजला असेल. धातूचे कण दिसले तर गिअरचे दात किंवा बेअरिंग झिजतंय.

आवाजही सांगतो. इंजिन मंद असताना खडखड आणि वेग वाढवला की शांत, तर संशय डॅम्पर प्लेटवर घ्यावा.

दुरुस्ती कुठं होते?

केबल, तेल, कपलिंगचे बोल्ट ही कामं नौकेवरच होतात. डॅम्पर प्लेटसाठी शाफ्ट मागे सरकवून गिअरबॉक्स उतरवावा लागतो. काही नौकांत लांब शाफ्टऐवजी तळातून खाली उतरलेला पाय असतो, त्याला सेलड्राइव्ह म्हणतात. त्याच्या पंख्याजवळचं सील बदलायला नौका बहुतेक वेळा पाण्याबाहेर काढावी लागते. क्लच प्लेट आणि बेअरिंग हे काम वर्कशॉपचं. तेल मात्र निर्मात्याच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच घालायचं. चुकीच्या तेलाने चांगला क्लचही घसरतो.

आणखी एक. शिडांवर जाताना वाहतं पाणी पंखा फिरवत राहतं. तेव्हा गिअर न्यूट्रलला ठेवायचा की मागे टाकून शाफ्ट अडवायचा, हे गिअरबॉक्सनुसार बदलतं. इथं चूक झाली तर इंजिन बंद असतानाही गिअरबॉक्स झिजतो.

थांबायचं कधी?

२०१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांची 'तारिणी' पृथ्वीप्रदक्षिणा संपवत आली असताना तिच्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. गिअरबॉक्स नव्हे, पण प्रश्न तोच: पुढे रेटायचं की थांबायचं? नौका ठरलेल्या मार्गात नसलेल्या मॉरिशसच्या पोर्ट लुईला वळवली, दुरुस्ती झाली आणि २१ मे २०१८ ला ती गोव्यात पोहोचली.

गिअरबॉक्सलाही हाच नियम. तेलात धातूचे कण दिसले की इंजिन बंद, शिडं वर आणि जवळचं बंदर. बाकी बिघाडांत आधी केबल आणि तेलाची पट्टी बघा. गिअरबॉक्स खोलायची वेळ सगळ्यात शेवटी येते.