एक्स-रे तालुक्यातच, तोही मोफत!

"एक्स-रे काढाले वर्ध्यालेच जा लागते," असे आपल्या वस्त्यांमधून आम्ही नेहमी ऐकतो. कारंजा-आष्टीकडच्या मजुरासाठी याचा अर्थ दिवसाची मजुरी बुडणे आणि वर बसभाडे. मग तपासणी लांबते, दुखणे वाढते.

हाड मोडले, छातीत कफ साचला, खोकला हटत नाही, अशा वेळी साधा एक्स-रेच बहुतेकदा पुरतो. १८९५ मध्ये रॉन्टगेन यांनी हे किरण शोधले. खेड्यातल्या दवाखान्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने पुढे साधे, टिकाऊ आणि कमी-जास्त विजेतही चालणारे यंत्र सुचवले. मात्र यंत्र असून तंत्रज्ञ नसेल, तर त्या खोलीला कुलूपच!

क्षयरोगात तर एक्स-रे जीव वाचवतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत सापडलेल्या क्षयरुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण नुसती लक्षणे विचारून सापडलेच नसते. छातीच्या एक्स-रेमुळे ते कळले. एक्स-रेवर डाग दिसला की थुंकी तपासून खात्री करतात.

हे लक्षात ठेवा

- १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्यात एक्स-रेही आला.
- हिंगणघाट व आर्वीला उपजिल्हा रुग्णालय आहे. पुलगाव, देवळी, सेलू, समुद्रपूर येथे ग्रामीण रुग्णालय आहे. एक्स-रे कोणत्या दिवशी निघतो, हे आशाताईंकडून आधी विचारून घ्या.
- सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालये संस्थांची आहेत. तिथले दर व सवलती वेगळ्या.
- छातीच्या एका एक्स-रेचे किरण निसर्गातून सुमारे दहा दिवसांत मिळतात तेवढेच. घाबरू नका, पण गर्भवती असाल तर आधी सांगा.
- जुनी फिल्म फेकू नका. पुढच्या वेळी डॉक्टर दोन्ही ताडून पाहतात.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, वजन घटले, संध्याकाळी ताप येऊ लागला, तर औषधाच्या दुकानातून बाटली आणून दिवस काढू नका. रुग्णालय गाठा. यंत्र बंद असेल तर वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एकट्याचा अर्ज मागे पडू शकतो. विहारात बसून दहा घरांच्या सह्यांनी दिलेला अर्ज सहसा पडून राहत नाही. शिकलेल्या मुलामुलींनी तेवढे काम हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे.