गाडी सुरू होत नाही तेव्हा

रात्रीची वेळ. रेल्वेच्या रुळांवर एका माणसाचे प्रेत टाकून एक पुरुष आणि एक बाई घाईघाईने मोटारीत येऊन बसतात. प्रेत त्या बाईच्या नवऱ्याचे. खून या दोघांनीच केलेला. बाई गाडी सुरू करू पाहते. इंजिन घरघरते आणि बंद पडते. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. दोघे एकमेकांकडे बघतात. आणि चित्रपटगृहात बसलेले आपण, पापभीरू, नाकासमोर चालणारे लोक, मनातल्या मनात म्हणू लागतो, ‘अगं, सुरू कर ना लवकर!’

मित्रहो, हा प्रसंग आहे १९४४ सालच्या ‘डबल इन्डेम्निटी’ या अमेरिकन चित्रपटातला. दिग्दर्शक बिली वाइल्डर. मी हा चित्रपट अनेकदा पाहिला आहे, गाडी शेवटी सुरू होते हे मला पक्के ठाऊक आहे, तरी दर वेळी त्या घरघरीला माझा श्वास अडकतो. मूळ कादंबरीत हा प्रसंग नाही. वाइल्डरची स्वतःची गाडी एकदा ऐनवेळी सुरू होईना, त्यावरून त्याला तो सुचला, असे सांगतात.

गोष्ट थोडक्यात अशी. लॉस एंजेलिसमधला वॉल्टर नेफ हा विमा एजंट मोटारविम्याच्या नूतनीकरणासाठी एका बंगल्यावर जातो. मालक घरी नसतो, मालकीणबाई असतात. त्या विचारतात, नवऱ्याला न कळवता त्याचा अपघाती विमा उतरवता येईल का? नेफ धंद्यात मुरलेला. प्रश्नाचा अर्थ त्याला तिथल्या तिथे कळतो, तो तडक निघून जातो, आणि तरीही जाळ्यात सापडतो. चित्रपटाचे नाव आहे विम्याच्या एका कलमाचे. काही विरळा प्रकारच्या अपघातांत, उदाहरणार्थ आगगाडीतून पडून मृत्यू आला, तर कंपनी दुप्पट रक्कम देते. म्हणून नवऱ्याला गाडीतूनच ‘पडायला’ हवे.

यात खुनी कोण हे रहस्य नाहीच. सुरुवातीलाच गोळी लागलेला नेफ मध्यरात्री आपल्या कार्यालयात येतो आणि ध्वनिमुद्रण यंत्रासमोर बसून सारे सांगून टाकतो. पैशासाठी आणि एका बाईसाठी खून केला, आणि दोन्ही हाती लागले नाही. मग पाहायचे काय उरले? उरते ते हे की, जो बुडणार हे आपल्याला माहीत आहे त्याच्या शेजारी बसून दोन तास काढायचे.

नेमकी याचीच हॉलिवूडला धास्ती होती. कथेचे बीज एका खऱ्या खटल्यात आहे. १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये रूथ स्नायडर या बाईने प्रियकराच्या मदतीने नवऱ्याला मारले. त्या विम्यातही दुप्पट भरपाईचे कलम होते. दोघांनाही १९२८ च्या जानेवारीत विजेच्या खुर्चीत देहदंड झाला. या खटल्यावरून सुचलेली कादंबरी जेम्स केन याने लिहिली. ती १९३५ साली स्टुडिओंकडे गेली, तेव्हा चित्रपटांच्या नीतिनियमांची अंमलबजावणी करणाऱ्या जोसेफ ब्रीनने कळवून टाकले की, हे पडद्यावर येऊ शकत नाही. असल्या कथेने प्रेक्षकांची, विशेषतः कोवळ्या वयाच्या मुलांची, मने गुन्ह्याला निर्ढावतील, असे त्याचे म्हणणे. आठ वर्षे कथा तशीच पडून राहिली. १९४३ मध्ये पॅरामाउंटने पुन्हा विचारले, तेव्हा आधी जुन्याच हरकती परत आल्या. पण प्रत्यक्ष पटकथा पाहिल्यावर मोजक्याच दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. त्यातली एक म्हणजे नायिकेच्या पहिल्या दर्शनातला टॉवेल गुडघ्यांच्या खालपर्यंत असावा!

पटकथेसाठी वाइल्डरचा नेहमीचा सहलेखक चार्ल्स ब्रॅकेट तयार होईना. कथा त्याला किळसवाणी वाटली. मग आला रेमंड चँडलर, गुप्तहेरकथांचा नावाजलेला लेखक. दोघांचे मुळीच पटत नसे, पण संवाद असे उतरले की केनलाही ते आवडले. (हा चँडलर एका दृश्यात क्षणभर बाकावर वाचत बसलेला दिसतो. हे लोकांच्या ध्यानात आले ते थेट २००९ साली.) नटही बिचकत होते. जॉर्ज राफ्टने कथा ऐकताना विचारले म्हणे, की नायक कोटाची कॉलर उलटून पोलिसाचा बिल्ला कधी दाखवतो? म्हणजे तो खरा खुनी नाहीच, हे प्रेक्षकांना कधी कळते? तसे काही नाही म्हटल्यावर त्याने नकार दिला. अखेर फ्रेड मॅकमरी हा हलक्याफुलक्या विनोदी भूमिकांतला नट उभा राहिला. माझ्या मते हीच निवड सर्वांत धूर्त होती. शेजारच्या घरातला वाटावा असा हा माणूस खून करतो.

खून मात्र आपल्याला दिसत नाही. शेजारच्या आसनावर नवऱ्याचा जीव जात असताना कॅमेरा फक्त बार्बरा स्टॅनविकच्या चेहऱ्यावर असतो. डोळ्यांत किंचित समाधान. बस्स. जॉन साइट्झच्या छायाचित्रणात खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या माणसांवर गजांसारख्या पडतात. पुढे शेकडो चित्रपटांनी त्या उचलल्या.

प्रेक्षकांनी याचे काय केले? महायुद्ध चालू होते, अमेरिकेत साखर-मांसाचे रेशनिंग होते, आणि पडद्यावर १९३८ सालच्या भरलेल्या दुकानात डब्यांच्या रांगांमध्ये उभे राहून दोघे कुजबुजत खुनाचे बेत करत होते. केट स्मिथ या अतिशय लोकप्रिय रेडिओगायिकेने हा अनीतिमान चित्रपट पाहू नका, असे आवाहन केले. आकाशवाणीच्या शब्दाला वजन असते, पण इथे ते उलट दिशेने पडले. त्या प्रचाराने गल्ल्यात भरच पडली, असे केन पुढे म्हणत असे. चित्रपट चालला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षकाची मात्र तक्रार होती की, या पात्रांचे काय होते याची काळजी वाटावी असे त्यांच्यात काही नाही. गाडी सुरू होईना तेव्हा हे गृहस्थ काय करत होते कोण जाणे! ऑस्करसाठी सात नामांकने मिळाली आणि एकही पुरस्कार मिळाला नाही. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला एका प्रेमळ धर्मगुरूची गोष्ट सांगणारा ‘गोइंग माय वे’.

या चित्रपटाला नाव दिले ते पॅरिसने. जर्मन अमलात तिथे अमेरिकन चित्रपटांना बंदी होती. १९४६ साली ते एकदम, एकापाठोपाठ झळकले आणि यातल्या काळोखाने फ्रेंच प्रेक्षक चकित झाले. त्याच वर्षी नीनो फ्रँक या समीक्षकाने अशा चित्रपटांसाठी ‘फिल्म न्वार’, म्हणजे ‘काळा चित्रपट’, हा शब्द वापरला. वाइल्डर आणि मंडळींना आपण असे काही बनवतो आहोत याचा पत्ताही नव्हता.

एक गोष्ट प्रेक्षकांना कधीच दिसली नाही. विषारी वायूच्या कोठडीत नेफला देहदंड होतो, हा शेवट मोठा खर्च करून चित्रित झाला होता. पण त्याआधीच्या दृश्यात जखमी नेफ दाराशी कोसळलेला असतो आणि त्याचा ज्येष्ठ सहकारी कीज, ज्याने आयुष्यभर खोटे दावे पकडले, काडी ओढून त्याची सिगारेट पेटवतो. एरवी चित्रपटभर काडी ओढून कीजचा चिरूट पेटवून देणारा नेफच असतो. हे पाहिल्यावर वाइल्डरने देहदंडाचे दृश्य कापून टाकले. आज त्याची फक्त काही स्थिरचित्रे उरली आहेत.