संगणकाच्या वहीत तारीख कशी लिहावी?



२०२४ सालची गोष्ट. तालुक्यातील शाळांसाठी भरविलेल्या एका विज्ञान-स्पर्धेचे काम मी पाहत होतो. कनिष्ठ गटाचा नियम साधा होता : १ जुलै २००९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच या गटात प्रवेश. संगणकाने पात्र विद्यार्थ्यांची यादी काढून दिली आणि ती फलकावर लागली. दुसऱ्याच दिवशी एक मुलगी जन्मदाखला घेऊन आली. दाखल्यावर तारीख होती १ जुलै २००९; पण यादीत तिचे नाव नव्हते. संगणक तिची जन्मतारीख ३० जून २००९ दाखवीत होता!

अर्ज तपासला. तिने तारीख अचूक भरली होती. मग इतरांचे अर्ज काढले, तेव्हा असे आढळले की सर्वच मुलांच्या जन्मतारखा बरोबर एका दिवसाने मागे सरकल्या आहेत. प्रयोगशाळेत सगळी वाचने सारख्याच फरकाने चुकू लागली, तर आपण वाचन करणाऱ्याला दोष देत नाही. उपकरणाचे शून्य ठिकाणावर आहे की नाही ते पाहतो. येथेही तसेच काहीतरी असले पाहिजे. ते काय, हे कळण्यासाठी संगणक तारीख कशी सांभाळतो ते पाहू.

रकाना आणि त्याचा प्रकार

माहितीची मोठी वही संगणकात ठेवतात, तिला डेटाबेस म्हणतात. शाळेच्या हजेरीपटासारखेच तिचे उभे रकाने असतात : नाव, इयत्ता, जन्मतारीख. फरक एवढाच, की कोणत्या रकान्यात कोणत्या प्रकारची माहिती येणार हे संगणकाला आधी सांगावे लागते. नावाचा रकाना अक्षरांचा, गुणांचा रकाना संख्येचा. मग तारखेचा रकाना कशाचा?

सहज सुचणारे उत्तर म्हणजे अक्षरांचा. आपण वहीत लिहितो तसेच ‘२३-०१-२००८’ असे लिहून टाकावे. आता या तीन तारखा पाहा : ०५-१२-२००९, ११-०३-२०१० आणि २३-०१-२००८. संगणकाला त्या क्रमाने लावायला सांगितल्या, तर तो शब्दकोशातील शब्दांप्रमाणे डावीकडून एकेक चिन्ह तुलनेला घेईल आणि त्या जशा लिहिल्या आहेत तशाच ठेवील. म्हणजे सर्वांत आधीची तारीख सर्वांत शेवटी! शिवाय ‘३१-०२-२०१०’ ही कधीच न आलेली तारीखही तो मुकाट्याने स्वीकारील, कारण त्याच्या दृष्टीने ती निव्वळ चिन्हांची ओळ आहे. आणि ‘०३-०४-२०१०’ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, पण अमेरिकेत ४ मार्च.

यातील पहिली आणि तिसरी अडचण वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने लिहिल्यास सुटते. १९८८ साली प्रसिद्ध झालेले ‘आयएसओ ८६०१’ हे आंतरराष्ट्रीय मानक हाच क्रम सांगते. तारीख अक्षरांतच लिहिणे भाग असेल, तर ती अशीच लिहावी.

मग हेच अंक सलग जोडून २००९०७०१ अशी संख्या केली तर? क्रम बरोबर लागेल. पण वजाबाकी करून पाहा. ३० जून ते १ जुलै हे अंतर एका दिवसाचे आहे आणि २००९०७०१ मधून २००९०६३० वजा केल्यास उत्तर येते ७१. ही संख्या दिसायला संख्या असली, तरी दिवसांची मोजणी नव्हे.

दिवस मोजण्याची जुनी युक्ती

खरा मार्ग असा : एक ठरावीक दिवस शून्य मानावा आणि तेथून दिवस मोजत जावे. ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. आपल्या ज्योतिर्गणितात या मोजणीला ‘अहर्गण’ म्हणतात. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला; त्याचा आरंभकाल शके १४४२, म्हणजे इ.स. १५२० हा आहे. अहर्गणाची संख्या फार मोठी होऊन हाताने गणित करणे जड जाऊ नये, म्हणून त्यांनी ४०१६ दिवसांचे, सुमारे अकरा वर्षांचे, एक चक्र धरले. युरोपात १५८३ साली जोसेफ स्कॅलिजर यांनी इ.स.पूर्व ४७१३ पासूनची गणना सुचविली. खगोलशास्त्रज्ञ आजही त्या आरंभापासूनचा ‘ज्युलियन दिनांक’ वापरतात. १ जानेवारी २००० च्या दुपारी, जागतिक वेळेनुसार बारा वाजता, हा अंक २४५१५४५ होता.

डेटाबेसमधील ‘डेट’ नावाचा खास प्रकार याच जातीचा आहे. पोस्टग्रेस या प्रसिद्ध प्रणालीत १ जानेवारी २००० हा दिवस शून्य धरून तारीख साठवतात. त्या हिशेबाने १ जुलै २००९ चा क्रमांक ३४६९ आणि ३० जूनचा ३४६८. वजाबाकी केली की १; अगदी बरोबर! ३१ फेब्रुवारीला असा क्रमांकच नाही, म्हणून ती तारीख लिहू गेल्यास संगणक नकार देतो. जागाही कमी लागते : अक्षरांत लिहिलेल्या तारखेला दहा चिन्हे हवीत, म्हणजे निदान दहा बाइट, येथे चार बाइट पुरतात.

दिवस की क्षण?

डेटाबेसमध्ये तारखेसाठी आणखी एक प्रकार असतो, ‘टाइमस्टॅम्प’. त्यात दिवस नव्हे, तर क्षण नोंदविला जातो. याची गरज कोठे पडते?

कोयनेचा भूकंप घ्या. तो ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. परदेशी भूकंपसूचीत मात्र १० डिसेंबर, २२ वाजून ५१ मिनिटे अशी नोंद सापडेल. चूक कोणाचीच नाही. आपली प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे आपल्याकडे पहाट झाली तेव्हा त्या घड्याळात आदली रात्र होती. भूकंपाचा क्षण साऱ्या पृथ्वीसाठी एकच असतो, म्हणून तो जागतिक वेळेत साठवून ज्याला हवा त्याने आपल्या घड्याळात वाचावा, हे उत्तम.

पण जन्मतारखेचे काय? ती दाखल्यावरची तारीख आहे. मुलगी पुढे लंडनला गेली, तरी तिची जन्मतारीख बदलत नाही.

आता आमच्या यादीचे कोडे तुम्हीच सोडवाल. जन्मतारखेचा रकाना चुकून टाइमस्टॅम्प प्रकारचा केला गेला होता. अर्जात वेळ नव्हती, म्हणून संगणकाने १ जुलैच्या आरंभीचे शून्य वाजून शून्य मिनिटे धरली. त्या क्षणी जागतिक वेळेत ३० जूनचे १८ वाजून ३० मिनिटे झाली होती. यादी काढताना ती वेळ भारतीय वेळेत परत न आणताच तारीख छापली गेली. साडेपाच तासांनी एका मुलीचे नाव खाल्ले! रकान्याचा प्रकार बदलून ‘डेट’ केला, तारखा दुरुस्त केल्या आणि ती मुलगी स्पर्धेला बसली.

क्षणाच्या रकान्याला आणखी एक मर्यादा असू शकते. मायएसक्यूएल या प्रणालीतील टाइमस्टॅम्प १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद मोजतो आणि त्याची कमाल मर्यादा आहे २१४७४८३६४७ सेकंद. हे सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपतात. मागे १९७० पलीकडेही तो जात नाही, म्हणजे कोयनेचा भूकंप त्यात बसणारच नाही! तेथे ‘डेटटाइम’ हा अधिक मोठ्या पल्ल्याचा प्रकार घ्यावा लागतो. जागा वाचविण्यासाठी वर्षाचे दोनच अंक लिहिल्याने २००० साल उजाडण्याआधी जगभर केवढी धावपळ झाली, ते तुमच्या शिक्षकांना विचारा.

अर्धवट माहीत असलेली तारीख

तुमच्या आजोबांची जन्मतारीख दाखल्यावर १ जून आहे का? त्या पिढीतील अनेकांची आहे. शाळेत नाव घालताना नेमका दिवस माहीत नसे, आणि गुरुजी शाळेच्या सोयीची तारीख लिहून टाकत. आज आपण तीच चूक संगणकात करू नये. फक्त वर्ष माहीत असेल तर वर्षाचा वेगळा, संख्येचा रकाना करावा आणि तारखेचा रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना ‘माहीत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो. खोटी तारीख मात्र कायमची खरी होऊन बसते.

तेव्हा रकान्याचा प्रकार निवडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : मला काय नोंदवायचे आहे, दिनदर्शिकेवरचा दिवस की काळाच्या ओघातला क्षण? जन्म, सुटी, परीक्षेचा दिवस यांना ‘डेट’. भूकंप, अर्ज पोहोचल्याची वेळ, दुर्बिणीतून घेतलेले निरीक्षण यांना ‘टाइमस्टॅम्प’.

करून पाहा

१ जानेवारी २००० ला शून्य मानून तुमच्या जन्मदिवसाचा क्रमांक काढा. लीप वर्षे विसरू नका. त्याला ७ ने भागा. शून्य दिवस शनिवार होता, म्हणून बाकी १ उरली तर रविवार, २ उरली तर सोमवार, याप्रमाणे वार मिळेल. ३४६९ ला ७ ने भागल्यास बाकी ४ उरते, आणि १ जुलै २००९ रोजी खरोखरच बुधवार होता. आता १५ ऑगस्ट १९४७ चा क्रमांक काढा. तो ऋण येईल : −१९१३२. त्यावरून वार कसा काढायचा, ते तुम्हीच ठरवा. उत्तर शुक्रवार आले तर तुमची रीत बरोबर आहे.