एक नाव, दोन बडवायझर

‘अमेरिकन बडवायझर ही चेक बडवायझरची नक्कल’ असे बिअरच्या गप्पांत हमखास ऐकू येते. तारखा पाहिल्या तर ते टिकत नाही. सेंट लुईसमध्ये अडॉल्फस बुश आणि त्याचा मित्र कार्ल कॉनराड यांनी बडवायझर आणली १८७६ साली. तिची आजची चेक प्रतिस्पर्धी, बुडवार ब्रूअरी, सुरू झाली १८९५ मध्ये. नंतर सुरू झालेल्या ब्रूअरीची नक्कल आधी होणे शक्यच नाही.

म्हणून नावावर हक्क अमेरिकेचाच, हा मात्र दुसऱ्या टोकाचा गैरसमज. दक्षिण बोहेमियातल्या चेस्के बुदेयोवित्से शहराला जर्मन भाषेत बडवाइस म्हणतात. तिथे शतकानुशतके बिअर बनत आली आहे. जर्मन भाषक नागरिकांची ब्रूअरी तर १७९५ पासूनची. बुश आणि कॉनराड यांनी घेतला तो या शहराचा लौकिक. नावावर पहिला हक्क त्या शहराचा, असे मला ठामपणे वाटते.

‘अमेरिकन बडवायझर पाणचट, तिच्यात अल्कोहोलच कमी’ हेही चूक. दोन्ही मूळ बिअरमध्ये अल्कोहोल सुमारे ५ टक्केच असते. फरक आहे घटकांचा. अमेरिकन बिअरमध्ये बार्लीच्या माल्टबरोबर तांदूळ असतो. ही निव्वळ काटकसर समजू नये. अमेरिकेतल्या त्या काळच्या बार्लीत प्रथिने जास्त, त्यामुळे बिअर गढूळ होई. तांदळाने ती नितळ आणि हलकी झाली. बुडवारमध्ये तांदूळ नसतो. मोराव्हियाची बार्ली, झातेत्सचे हॉप्स, खोल विहिरींचे पाणी आणि थंड तळघरात सुमारे ९० दिवसांची मुरवण, यामुळे तिला माल्टची गोडी आणि ठळक कडवटपणा येतो. मला स्वतःला तीच उजवी वाटते.

अमेरिकन बाटलीवरच्या बीच लाकडाच्या उल्लेखामुळे अनेकांना वाटते, की चव लाकडाची आहे. प्रत्यक्षात त्या पट्ट्या आधी उकळून त्यांचा स्वाद काढून टाकतात. टाकीच्या तळाशी त्यांच्यावर यीस्ट पसरते आणि बिअर नीट मुरते, एवढेच त्यांचे काम.

‘नावाचा खटला अखेर एकानेच जिंकला’ हेही खरे नाही. मार्च १९३९ च्या करारात चेक बाजूने उत्तर अमेरिकेतला हक्क सोडला. त्याच महिन्यात नाझी फौजा प्रागमध्ये शिरल्या. पुढे देशोदेशी वेगवेगळे निकाल लागले. जर्मनीत बडवायझर म्हणजे चेक बिअर, ब्रिटनमध्ये दोन्ही, तर युरोपातल्या बऱ्याच देशांत अमेरिकन बिअर नुसती ‘बड’. अमेरिकेत चेक बिअर ‘चेकवार’ नावाने गेली. आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते: २००८ पासून अमेरिकन बडवायझरच्या मालक कंपनीचे मुख्यालय बेल्जियममध्ये आहे, तर बुडवार आजही चेक सरकारच्या मालकीची आहे.

भारतात बडवायझर या नावाने सर्रास मिळते ती अमेरिकन बिअर. युरोपात गेलात, तर मागवण्याआधी लेबलवर ब्रूअरीचे नाव वाचा.