एक नाव, दोन थोर माणसे

मुलांनो, एकाच वर्गात एका नावाची दोन मुले असली, की हजेरी घेताना घोटाळा होतो. मग गुरुजी वडिलांचे नाव किंवा आडनावही उच्चारतात. इतिहासातही एका नावाची अनेक माणसे भेटतात. झाकीर हुसेन हे असेच एक नाव आहे. 'झाकीर' म्हणजे स्मरण करणारा. तुमच्या ओळखीचा 'जिक्र' हा शब्दही त्याच अरबी धातूपासून आला आहे. या नावाच्या दोन थोर माणसांची आज आपण ओळख करून घेऊ. त्यांपैकी एकाचा आपल्या वर्ध्याशी जवळचा संबंध आला.

पहिले डॉ. झाकीर हुसेन. त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. अलिगढला शिकत असताना, १९२० साली स्थापन झालेल्या जामिया मिल्लिया इस्लामिया या राष्ट्रीय संस्थेत ते सामील झाले. पुढे जर्मनीत बर्लिन येथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली. परत आल्यावर मोठ्या पगाराची नोकरी न शोधता त्यांनी पैशाच्या अडचणीत असलेली जामिया सांभाळली. १९२६ ते १९४८ अशी बावीस वर्षे ते तिचे कुलगुरू होते. मुलांसाठी त्यांनी उर्दूत 'अब्बू खाँ की बकरी' ही गोष्टही लिहिली.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सर्व मुलांना सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे, ते मातृभाषेतून असावे आणि हस्तव्यवसायाला धरून असावे, असे तेथे ठरले. त्याची योजना आखण्याचे काम डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीकडे सोपवण्यात आले. डिसेंबरमध्ये समितीने अहवाल दिला. हीच 'वर्धा योजना' किंवा 'नई तालीम' होय.

या योजनेत काय होते? आपल्या जिल्ह्यात पिकणाऱ्या कापसाचेच उदाहरण घ्या. टकळीवर सूत कातताना मूल तार मोजते आणि गणित शिकते. कापूस कोणत्या जमिनीत पिकतो हे समजून घेताना ते भूगोल शिकते. हात आणि बुद्धी दोन्ही कामाला लागतात. आज तुम्ही गणित व विज्ञान उर्दूतून शिकता. मातृभाषेतून शिक्षणाचे हे तत्त्व आपल्याच वर्ध्यात आग्रहाने मांडले गेले, हे लक्षात ठेवा.

१९६३ साली डॉ. झाकीर हुसेन यांना 'भारतरत्न' मिळाले. १९६७ मध्ये ते राष्ट्रपती झाले. त्या पदावर असतानाच ३ मे १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

दुसरे उस्ताद झाकीर हुसेन. त्यांचा जन्म ९ मार्च १९५१ रोजी मुंबईत झाला. त्या वेळी पहिले झाकीर हुसेन अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू होते. प्रसिद्ध तबलावादक उस्ताद अल्लारखा हे त्यांचे वडील आणि गुरूही. तबला हे बहुधा साथीचे वाद्य समजले जाई. या पितापुत्रांनी त्याला जगाच्या रंगमंचावर मानाचे स्थान मिळवून दिले. १९७३ मध्ये झाकीर हुसेन यांनी परदेशी गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्यासह 'शक्ती' हा वाद्यवृंद सुरू केला. २०२३ साली त्यांना 'पद्मविभूषण' मिळाले. १५ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

आता एक गंमत पाहा. 'हुसेन' हे या दोघांचेही आडनाव नव्हे! पहिल्यांच्या वडिलांचे नाव फिदा हुसेन खान. दुसऱ्यांचे घराणे कुरेशी. त्यांचे भाऊ कुरेशी हेच आडनाव लावतात. म्हणजे मराठी अर्जात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने भरले असते, तर 'झाकीर हुसेन' हे दोन्ही शब्द पहिल्याच रकान्यात आले असते.

मुलांनो, नाव आईवडील ठेवतात. या दोघांची नावे उर्दूत आणि मराठीत अगदी सारखीच लिहिली जातात. पण एकाच्या नावामागे 'डॉक्टर' आणि दुसऱ्याच्या नावामागे 'उस्ताद' लागले, ते त्यांच्या मेहनतीने. त्यांना आपण ओळखतो ते त्याच शब्दांनी.