कानाला खटकणारे, मनाला बोचणारे

पुण्याहून सोलापूरला आलेल्या पाहुण्याच्या कानाला सर्वप्रथम खटकतो तो 'बे'. "काय करायलास बे?" या प्रश्नात सोलापूरच्या मित्राची निव्वळ आपुलकी असते, पाहुण्याला मात्र तो उद्धटपणा वाटतो. 'करतो आहेस' याऐवजी 'करायलास' ऐकून तो मनातल्या मनात व्याकरण दुरुस्त करू लागतो. इकडे यजमानही पाहुण्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी येणाऱ्या 'बरं का'ला कंटाळलेला असतो. दोघेही सभ्य, म्हणून कोणी काही बोलत नाही; पण कान दोघांचेही दुखावलेले असतात.

नित्याच्या बोलण्यातील काही शब्द माणसाला असे का खटकतात, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. खटकण्याचे प्रकार दोन आहेत. काही शब्द केवळ कानाला खटकतात, तर काही थेट मनाला बोचतात. या दोहोंची गल्लत झाली, की घरातील वातावरण बिघडू लागते.

पहिला प्रकार कानाचा. आजच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी 'ॲक्च्युली' आणि 'बेसिकली' डोकावतात. हिंदीच्या वळणाने 'मी तुला म्हणाले' याचे 'मी तुला बोलले' झाले आणि 'मला मदत कर' याचे 'माझी मदत कर'. आजोबांच्या कपाळाला आठी पडते, नात हसते आणि पुन्हा तेच बोलते. आजोबांची तक्रार अगदीच निराधार नाही. मराठीचे स्वतःचे वळण टिकावे, असे वाटणे योग्यच आहे. परंतु कानाचा कौल नेहमी अंतिम नसतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. 'दिनांक' आणि 'महापौर' हे स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रूढ केलेले शब्द. ते नवे होते, तेव्हा अनेकांना कृत्रिम वाटले; आज ते वापरताना कोणी क्षणभरही अडखळत नाही. कानाला सवय लागते.

सोलापूरच्या बोलीविषयीही असेच म्हणता येईल. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू आणि गुजराती या भाषा येथे पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजारपेठेत नांदत आल्या आहेत. त्या शेजाराचा रंग येथील मराठीला लागला, यात नवल नाही. याच जिल्ह्यात, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथील मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो प्रकाशात आणला. मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. त्यातील मराठी ओळीचा आशय असा, की जो हे वाचील तो विजयी होईल. ज्या मातीतील मराठीची ही जुनी खूण अनोळखी वाचकाचेही शुभ चिंतते, त्या मातीतील बोलीला 'अशुद्ध' म्हणून हिणवणे शोभत नाही.

दुसरा प्रकार मनाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. "तुला काय कळतं?", "मी आधीच सांगितलं होतं", "लोक काय म्हणतील?", "आता या वयात हे कशाला?", "अजून काही गोड बातमी नाही का?" या वाक्यांत व्याकरणाची एकही चूक नाही. शब्द शुद्ध, उच्चार स्वच्छ. म्हणूनच त्यांच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. 'ॲक्च्युली' म्हणणाऱ्या नातीला दहा वेळा टोकणाऱ्या घरात 'तुला काय कळतं' हे वाक्य दिवसातून दहा वेळा उच्चारले जाते आणि ते कोणालाच ऐकू येत नाही. ज्याला उद्देशून ते म्हटलेले असते, त्यालाच तेवढे ऐकू येते.

त्यातील एक वाक्य आपल्या समाजाने विशेष तपासून पाहावे असे आहे: "आमच्यात असं नसतं." सोलापूरच्या जैन घरांची सोयरीक विजयपूर, कलबुर्गी, बेळगावपर्यंत पोहोचलेली असते. तिकडून आलेल्या सुनेच्या मराठीत कन्नडचा हेल असतो. पहिल्या आठवड्यात तिच्या एखाद्या शब्दावर घरभर हशा पिकतो. त्यात दुष्टावा नसतो. दुसऱ्या आठवड्यात कोणी तिची नक्कल करते. मग स्वयंपाकाच्या पद्धतीवरून, पदर घेण्यावरून, पाहुण्यांशी बोलण्यावरून "आमच्यात असं नसतं" सुरू होते. ती हळूहळू वाक्ये आखूड करू लागते. पुढे 'हो', 'बरं' आणि 'चालेल' एवढेच उरते. वर्षभराने तेच घर नातेवाइकांना सांगते, "सून गुणाची आहे, पण अबोल आहे." ती अबोल आलेली नसते.

अशा वेळी बचाव ठरलेला असतो: "मी स्पष्टवक्ता आहे. खरं तेच बोललो, यात माझं काय चुकलं?" या बचावाला आपल्या आचार्यांनी फार पूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. आचार्य अमृतचंद्रांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' या ग्रंथात असत्याचे प्रकार सांगताना गर्हित आणि सावद्य वचनांबरोबर अप्रिय वचनाचीही गणना असत्यातच केली आहे. ज्या बोलण्याने ऐकणाऱ्याच्या मनात भय, खेद, वैर, शोक किंवा कलह उत्पन्न होतो, ते अप्रिय वचन. म्हणजे एखादी गोष्ट घडली तशी सांगितली, एवढ्यानेच बोलणारा सत्यव्रती ठरत नाही. त्या शब्दांनी समोरच्याच्या मनाचे काय केले, याचाही हिशेब द्यावा लागतो. मुनींच्या पाच समितींत भाषासमितीला स्थान आहे, ते याच जाणिवेतून. पाऊल टाकताना जमिनीकडे पाहावे, तसे बोलताना समोरच्या चेहऱ्याकडे पाहावे.

दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीचा दिवस येतो. सकाळपासून मोबाइलवर फुलांची चित्रे आणि तयार संदेश येऊ लागतात: "कळत-नकळत आपले मन दुखावले असल्यास क्षमा असावी." एकाच बोटाने हा संदेश दोनशे जणांना रवाना होतो. यातला खटकणारा शब्द 'असल्यास' हा आहे. मन दुखावले की नाही, याची चौकशी न करताच मागितलेली ही क्षमा आहे. आणि ज्यांची मने खरोखर दुखावली, ती माणसे बहुधा त्या दोनशेंत नसतातच. ती त्याच घरात, शेजारच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात असतात. त्यांना संदेश पाठवायचे कोणाच्या मनातही येत नाही.

तेथे 'असल्यास' गाळून बोलता येईल. "त्या दिवशी सगळ्यांसमोर तुला काय कळतं असं म्हणालो, ते चुकलं," एवढे एक वाक्य पुरेसे आहे. ते दोनशे संदेशांहून जड जाते, म्हणूनच ते खरे असते. सुनेच्या बोलण्याला हसणाऱ्या घरालाही एक सोपा प्रश्न विचारता येईल: "तुमच्याकडे याला काय म्हणतात गं?" मराठी घराघरांत रुळलेले 'अक्का', 'अण्णा' आणि 'तूप' हे शब्द कन्नडमधूनच आलेले आहेत. कधीकाळी कोणीतरी ते ऐकून हसले नसेल, आवडीने उचलले असतील. म्हणून तर ते आज आपले झाले.

सून पहिल्यांदा कदाचित 'काही नाही' म्हणेल. दुसऱ्यांदा विचारावे लागेल. तिसऱ्यांदा ती बहुधा उत्तर देईल, आणि त्या उत्तरात एकाहून अधिक वाक्ये असतील.